मुलीसाठी जुन्या इंग्रजी नाटकातलं नाव: मिरांडा, ऑलिविया, इमोजेन की अजून कुठलं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू मँचेस्टरला असतेस, नवरा इंग्लिश, त्याला जुन्या नाटकांचं वेड, स्कॅनमध्ये मुलगी आहे असं सांगितलंय (तिकडे सांगतात), आणि त्याला तिचं नाव जुन्या इंग्रजी नाटकातल्या बाईवरून ठेवायचंय. तुझी आई साताऱ्याला, तिला त्या नावाने नीट हाक मारता आली पाहिजे ही तुझी अट. यादीत सात नावं आहेत, ऑलिविया, जेसिका, ओफिलिया, इमोजेन, पर्डिटा, कॉर्डेलिया आणि मिरांडा. तू विचारलंयस की मॅडम यातलं कुठलं ठेवू, आणि खरा अर्थ सांगा कारण नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळंच लिहिलंय.

मी वसईकडच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं एमएच्या मुलांना हीच नाटकं शिकवली, आणि बाळाच्या नावासाठी फोन करणारे माजी विद्यार्थीही बरेच झाले त्यामुळे या विषयावर मी बऱ्याचदा बोललेय. सगळ्यांना पहिलं हेच सांगते की नेटवरचा अर्थ थोडा वेळ बाजूला ठेवा. नाटकातलं नाव म्हणजे कुणीतरी स्टेजवर उभं राहून कुणालातरी मारलेली हाक असते, ती हाक कोण मारतं, कुठल्या प्रसंगात मारतं, मायेने की रागाने, हे ऐकल्याशिवाय त्या नावाचं काहीच कळत नाही. म्हणून मी प्रत्येक नाव त्याच्या सीनमधून सांगणार आहे. माझं मत आत्ताच सांगून टाकते, तुमच्या यादीतलं मिरांडा ठेवा, आणि यादीबाहेरचं चालत असेल तर व्हायोलाचा विचार करा.

जेसिकापासून सुरू करते कारण त्या नावाशी माझी एक आठवण आहे. द मर्चंट ऑफ व्हेनिस हे साधारण १५९६ ते १५९८ च्या दरम्यानचं नाटक, त्याआधी जेसिका हे नाव या रूपात कुठे सापडत नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकात इस्का नावाची एक बाई एका ओळीपुरती येते, त्या काळच्या काही इंग्रजी बायबलांत ते जेस्का असं छापलेलं असायचं, तिथून शेक्सपिअरने ते घेतलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. शायलॉक ज्यू, त्याच्या मुलीला तसं वाटेल असं नाव हवं होतं. आणि पुढे बघ, हेच नाव अमेरिकेत १९८५ ते १९९० आणि परत १९९३ ते १९९५ मुलींच्या नावांत पहिल्या नंबरवर होतं.

तर माझ्या वर्गात एकदा वसईच्याच कुपारी ख्रिस्ती घरातली एक जेसिका होती. मी हजेरीच्या क्रमाने भूमिका वाटून मोठ्याने वाचायला लावायचे, आणि तिच्या वाट्याला नेमका जेसिकाचाच पार्ट आला. दुसऱ्या अंकात ती बापाचे पैसे-दागिने घेऊन मुलाच्या वेषात लोरेंझोबरोबर पळून जाते. तिसऱ्या अंकात शायलॉकचा मित्र ट्युबल येऊन त्याला सांगतो की तुझ्या पोरीने एक अंगठी देऊन माकड घेतलं, आणि शायलॉक कळवळून म्हणतो की ती माझ्या लेआची अंगठी, लग्नाआधी तिने मला दिलेली, माकडांनी भरलेलं अख्खं रान मिळालं असतं तरी मी ती दिली नसती. लेआ म्हणजे जेसिकाची आई. तास संपल्यावर ही मुलगी थांबली, म्हणाली मॅडम माझ्या आजीने हे नाव ठेवलंय, तिला हे माहीत असतं तर तिने ठेवलंच नसतं. डोळ्यात पाणी होतं तिच्या. मी म्हटलं पाचवा अंक वाचून ये मग बोलू. पाचव्या अंकात बेलमाँटला चांदणं पडलंय, वाद्यं वाजतायत, सगळं गोड चाललंय, आणि जेसिका म्हणते की गोड संगीत ऐकलं की मला कधीच आनंद वाटत नाही. नाटकातलं तिचं ते शेवटचं वाक्य, त्यानंतर ती तिथेच असते पण एक शब्द बोलत नाही. ती अंगठी तिच्या मनातून गेलेली नाही असं मला त्या एका ओळीत दिसतं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली आणि म्हणाली, आता चालेल मॅडम, आता ती माझी वाटते. एका नावाबद्दल मला आयुष्यात मिळालेलं हे सगळ्यात चांगलं उत्तर आहे. तरी तुझ्यासाठी जेसिका नको म्हणेन, त्याचं कारण फक्त वयाचं आहे, त्या लाटेतल्या जेसिका आता तीस-चाळीशीत आहेत, तुझ्या मुलीला शाळेत जेसिका नावाच्या टीचर भेटतील.

आता ही सगळी नावं शेक्सपिअरने शोधून काढली असं जे सगळीकडे लिहितात ते चूक आहे. जेसिका आणि मिरांडा ही मुलींची नावं म्हणून त्याच्या आधी सापडत नाहीत, पर्डिटाही त्याचंच, पण ऑलिविया वेगवेगळ्या रूपांत इंग्लंडमध्ये आधीपासून होतं, कॉर्डेलियाची गोष्ट तर त्याच्या साडेचारशे वर्षं आधी लिहिलेली आहे, आणि ओफेलिया हे नाव सान्नाझारो या इटालियन कवीच्या आर्केडियात १५०४ मध्येच येऊन गेलंय. म्हणजे काही नावं घडवलेली, काही उचललेली, आणि एक बहुतेक छापखान्यात झालेली, ते पुढे सांगते.

पण ही नावं आपल्यापर्यंत आली कशी हे ऐक, मला तर ते शिकवताना दरवर्षी अंगावर काटा यायचा. शेक्सपिअर १६१६ मध्ये गेला. त्यानंतर सात वर्षांनी, १६२३ ला, त्याच्याच कंपनीतल्या हेमिंग्ज आणि काँडेल या दोन नटांनी त्याची ३६ नाटकं एका जाडजूड पुस्तकात छापून घेतली, ज्याला फर्स्ट फोलिओ म्हणतात. त्यातली १८ नाटकं त्याआधी कधी छापलेलीच नव्हती. ट्वेल्फ्थ नाइट, द टेम्पेस्ट, द विंटर्स टेल, सिंबेलिन, अ‍ॅज यू लाइक इट ही सगळी त्या अठरांतली. म्हणजे तुमच्या यादीतल्या सातांपैकी ऑलिविया, इमोजेन, पर्डिटा आणि मिरांडा या चौघी ज्या नाटकांतल्या आहेत ती नाटकं त्या दोघा मित्रांनी कष्ट घेतले नसते तर बहुतेक कायमची गेली असती.

ऑलिविया. ट्वेल्फ्थ नाइटचा एक प्रयोग २ फेब्रुवारी १६०२ ला लंडनच्या मिडल टेंपलच्या हॉलमध्ये झाला हे नक्की माहीत आहे कारण जॉन मॅनिंगहॅम नावाच्या कायदा शिकणाऱ्या तरुणाने ते डायरीत लिहून ठेवलंय. तो हॉल अजून उभा आहे, लंडनला गेलात तर बघून या. नाटकात ऑलिविया मोठ्या घरची मालकीण, भाऊ गेलाय म्हणून सात वर्षं तोंड झाकून दुःख पाळणार असा तिने पण केलाय, आणि मग दारात आलेल्या निरोप्यावर एका भेटीत जीव जडतो आणि पण संपतो. मला ती फार आवडते, घर चालवणारी, हुकूम देणारी, मनात आलं ते बोलून दाखवणारी बाई आहे ती. नावाचं मूळ ऑलिव्ह म्हणजे जैतून. आणि साताऱ्याच्या दृष्टीने या नावात एक सुंदर सोय आहे, घरी ओवी म्हणता येतं, आपल्याकडे ओवी हे मुलीचं नाव चांगलं रुळलंय आणि आईला शिकवावंही लागणार नाही. अडचण एकच, ते प्रचंड चालतंय. अमेरिकेत २०१९ पासून सलग कित्येक वर्षं पहिल्या नंबरवर, इंग्लंड-वेल्समध्येही वर्षानुवर्षं अगदी वरच. वर्गात दोन ऑलिविया असल्या की आडनावाचं पहिलं अक्षर लावून हाक मारतात, तसं झालेलं चालणार असेल तर खुशाल ठेवा.

पण त्याच नाटकातला तो निरोप्या कोण आहे बघ. तो म्हणजे मुलाच्या वेषातली व्हायोला. जहाज फुटून ती अनोळखी किनाऱ्यावर येऊन पडते, जुळा भाऊ बुडाला असं तिला वाटतंय, आणि स्टेजवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य काय तर हा देश कुठला आहे हो. रडत बसत नाही, विचारपूस करते, इथला मुख्य कोण, काम कुठे मिळेल, मला गाता येतं म्हणते, आणि तीन दिवसांत ड्यूकची सगळ्यात भरवशाची व्यक्ती होते. तू स्वतः घर सोडून परक्या शहरात गेलेली मुलगी आहेस, तुला ही बाई कळेल. आणि आता नावाचं, पूर्ण नाटकभर तिला सगळे सिझारिओ म्हणतात, व्हायोला हा शब्द प्रेक्षकांना एकदाही ऐकू येत नाही. पाचव्या अंकात, अगदी शेवटच्या सीनमध्ये, भाऊ सेबॅस्टियन जिवंत समोर उभा राहतो आणि तो पहिल्यांदा तिचं नाव घेतो. छापलेलं नाटक वाचताना हे कळत नाही कारण पानावर प्रत्येक वाक्याआधी नाव दिसत असतं, पण प्रयोग बघताना चार अंक थांबलेलं नाव भावाच्या तोंडून येतं तेव्हा थिएटरात काय होतं ते मी दोनदा अनुभवलंय. अजून एक, इंग्रजी स्पेलिंग लिहून बघ, व्हायोलाची सगळी अक्षरं ऑलिवियात आहेत आणि तिचा कारभारी माल्वोलिओ याच्यातही आहेत, तीन माणसं जवळजवळ त्याच अक्षरांची केलीत त्याने. अर्थ व्हायोलेटचं फूल. उच्चार व्हायोला असाच करायचा, आईला अजिबात जड जाणार नाही.

इमोजेनची गोष्ट यादीतली सगळ्यात चमत्कारिक आहे. हे नाव बहुधा चुकीने जन्माला आलंय. फोलिओत सिंबेलिनच्या मुलीचं नाव इमोजेन छापलंय, पण सायमन फोरमन नावाच्या माणसाने १६११ मध्ये ते नाटक बघून त्याची हकीकत लिहून ठेवली त्यात ती इनोजेन आहे. शेक्सपिअर ज्यातून ब्रिटनच्या राजांच्या गोष्टी घ्यायचा त्या होलिन्शेडच्या बखरीतही इनोजेन आहे. आणि अजून मजेशीर पुरावा असा की मच अडो अबाउट नथिंगच्या १६०० सालच्या छापील प्रतीत सुरुवातीच्या सूचनेत लिओनाटोची बायको म्हणून इनोजेन येते, तिला नाटकात एकही वाक्य नाही, आणि सिंबेलिनमध्ये राजकन्येच्या नवऱ्याचं नाव काय तर पोस्थ्युमस लिओनाटस. म्हणजे त्याच्या डोक्यात ही जोडी आधीपासून होती. हाताने लिहिलेले दोन एन जवळ आले की एम सारखे दिसतात, कुणीतरी तसं वाचलं आणि तसंच छापलं. १९८६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीने परत इनोजेन केलं पण तोवर हजारो मुली इमोजेन झाल्या होत्या. इनोजेनच्या मागे केल्टिक भाषेतला मुलगी या अर्थाचा शब्द असावा असं मानतात. पात्र म्हणशील तर सोनं आहे, नवऱ्याने तिच्या पातिव्रत्यावर पैज लावली, तिला मारायचा हुकूम दिला, तरी ती खचत नाही, मुलाच्या वेषात वेल्समधून वाट काढत राहते. चुकीतून आलंय म्हणून मी या नावाला नाही म्हणत नाहीये, तुमच्या तिकडे ते चांगलं प्रतिष्ठित नाव आहे. पण साताऱ्यात त्याचं पहिल्या दिवशी इमोजी होणार, आणि आजी कितीही प्रेमाने म्हणाली तरी ते तसंच ऐकू येणार.

ओफिलिया मी सुचवणार नाही. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ मदत, आणि हॅम्लेटमध्ये तिला मदत करणारं एकही माणूस नाही, बाप हेरगिरीसाठी वापरतो, भाऊ उपदेश करून निघून जातो, हॅम्लेट अपमान करतो. शेवटी हातात फुलं आणि पाण्यात बुडून मरण, एवढंच तिच्या वाट्याला येतं. मिलेसचं ते प्रसिद्ध चित्र, १८५१-५२ चं, लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये आहे, त्यासाठी एलिझाबेथ सिडल ही मुलगी बाथटबमधल्या पाण्यात तासन्‌तास पडून राहिली आणि दिवे विझून पाणी गार झालं म्हणून आजारी पडली. इंग्लंडमध्ये शिकलेल्या कुणालाही ओफिलिया म्हटलं की पाण्यावर तरंगणारा तो चेहराच आठवतो. हल्ली लोक परत ठेवायला लागलेत, त्यांना दोष देत नाही, नाद फार सुंदर आहे. डेस्डेमोनाही तसंच, ग्रीकात अर्थ दुर्दैवी. देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचं झुंझारराव केलं तेव्हा तिचं नाव कमळजा ठेवलं, मला ते फार मायेचं वाटतं.

पर्डिटा म्हणजे लॅटिनमध्ये हरवलेली. आई हर्मायनी तुरुंगात बाळंत झाली, बापाने संशयाने बाळ दूर किनाऱ्यावर टाकून यायला सांगितलं, आणि बाळ घेऊन जाणाऱ्या अँटिगोनसच्या स्वप्नात येऊन आई सांगते की हिला आता हरवलेलीच समजतात तर पर्डिटा म्हण. सोळा वर्षांनी ती सापडते, शेवट इतका सुंदर आहे की मी वर्गात तो कधी न अडखळता वाचू शकले नाही. पण मुलगी सापडली तरी नाव बदलत नाही ना. शिवाय १७७९ मध्ये ही भूमिका केलेल्या मेरी रॉबिन्सन या नटीच्या मागे पर्डिटा हे नाव जन्मभर लागलं, कारण युवराज तिच्यावर भाळला आणि मग त्याने तिला सोडलं, आणि आजच्या इंग्लंडातल्या मुलांना हे नाव ठिपकेवाल्या कुत्र्यांच्या गोष्टीतल्या कुत्रीचं म्हणून माहीत असतं. नको.

कॉर्डेलियाबद्दल मात्र मी बराच वेळ विचार केला. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथने लिअर राजाच्या तीन मुलींची गोष्ट लिहिली त्यात ती आहे, पुढे स्पेन्सरच्या कवितेत १५९० ला कॉर्डेलिया हे रूप येतं. शेक्सपिअरच्या आधीही लिअरवर एक नाटक होतं, त्यात राजाला राज्य परत मिळतं. शेक्सपिअरने तिला मारलं आणि इंग्लिश प्रेक्षकांना ते सहन झालं नाही, १६८१ मध्ये नॅहम टेटने शेवट बदलून कॉर्डेलिया जिवंत ठेवली, एडगरशी तिचं लग्न लावलं, आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षं लंडनच्या स्टेजवर तीच जगणारी कॉर्डेलिया चालली. पहिल्या सीनमध्ये बाप विचारतो तुझं माझ्यावर किती प्रेम, बहिणी मोठमोठी भाषणं ठोकतात आणि ही म्हणते की मला काळीज तोंडात आणता येत नाही. लॅटिनमध्ये कॉर म्हणजे हृदय, नावाशी तो शब्द जोडला जातो तो इथेच. ज्या घरात खोटं गोड बोललेलं चालत नाही त्या घराला हे नाव शोभेल. आजीसाठी डेलिया असं लहान रूप आहे, आपल्या अंगणातल्या फुलाचं नाव, छानच. फक्त मुंबईत कॉर्डेलिया म्हटलं की लोकांना क्रूझचं जहाज आठवतं हे माहीत असू दे.

यादीत नसलेलं, अ‍ॅज यू लाइक इटमधलं रोझलिंड माझं स्वतःचं सगळ्यात लाडकं. शेक्सपिअरच्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त ओळी हिच्या. मूळ जर्मॅनिक, त्यात घोडा या अर्थाचा शब्द आहे, गुलाब नंतर लोकांनी जोडला. जंगलात पळून जाण्याआधी ती आणि तिची चुलत बहीण सीलिया स्वतःसाठी नवी नावं निवडतात तो छोटासा सीन बघ, नाव निवडण्यातला आनंद काय असतो ते त्यात आहे. आणि ऑर्लांडो तिच्यावर कविता करून झाडांना टांगतो त्यातली पहिलीच ओळ इंडशी यमक जुळवते, पूर्वेपासून पश्चिमेच्या इंडपर्यंत रोझलिंडसारखं रत्न नाही म्हणतो, त्या काळी दूरदेशीच्या श्रीमंतीसाठी वापरायचा तो शब्द. रोझलिंड फ्रँकलिनमुळे विज्ञानातही हे नाव आदराचं आहे. पण शेवटचा जोडशब्द आपल्याकडे गिळला जातो, रोझलिन होतं, म्हणून आग्रह धरत नाही.

शेक्सपिअरच्या पुढचं थोडक्यात सांगते कारण नवऱ्याने तिकडेही नजर टाकली असेल. १६६० नंतर लंडनला स्टेजवर खऱ्या बायका आल्या (त्याआधी आपल्या बालगंधर्वांसारखे मुलगेच करायचे सगळं) आणि नाटककारांना इंडा शेवट असलेल्या नावांचं वेड लागलं. अ‍ॅफ्रा बेन या बाईने १६७७ च्या द रोव्हरमध्ये फ्लोरिंडा आणली, काँग्रीव्हच्या १६९३ च्या द ओल्ड बॅचलरमध्ये बेलिंडा आणि अ‍ॅरामिंटा, फार्कारच्या १७०६ च्या नाटकात मेलिंडा, पुढच्या वर्षी डोरिंडा. अ‍ॅरामिंटा हे अमेरिकेत गुलामांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनचं जन्मनाव होतं, ही माझी आवडती गोष्ट, लंडनच्या श्रीमंती कॉमेडीतलं नाव मेरीलँडमधल्या गुलाम घरातल्या मुलीपर्यंत पोचलं. मेलिंडा, बेलिंडा आमच्या वसईत आणि गोव्यात ऐकू येतात पण ती चर्च आणि नातेवाइकांकडून आलीत, फार्कार कुणी वाचलेला नसतो. अ‍ॅबिगेल बायबलमधलं, पण बोमाँट-फ्लेचरच्या द स्कॉर्नफुल लेडीमध्ये मोलकरणीचं नाव अ‍ॅबिगेल होतं आणि पुढे इंग्रजीत अ‍ॅबिगेल म्हणजेच मोलकरीण असा शब्द पडला, आता तो डाग पूर्ण गेलाय. शॉची कँडिडा सुंदर बाई आहे पण घरात कुणी डॉक्टर असेल तर त्याला बुरशीचं इन्फेक्शन आठवेल. वेंडी १९०४ च्या पीटर पॅनमुळे पसरलं, बॅरीच्या मित्राची छोटी मुलगी त्याला माय फ्रेंडी म्हणताना बोबडं बोलायची त्यातून ते आलं, ती मुलगी लहानपणीच गेली. आणि पिग्मॅलियनची एलायझा तुझ्या आईला नक्की माहीत आहे, १९७५ च्या ती फुलराणीतली मंजुळा म्हणजे तीच.

आता मिरांडा. द टेम्पेस्टचा प्रयोग १ नोव्हेंबर १६११ ला व्हाइटहॉलला राजासमोर झाला. लॅटिनमधला अर्थ, जिच्याकडे बघून विस्मय वाटावा अशी. बरेच लोक म्हणतात ती नुसती भोळी, बापाचं ऐकणारी मुलगी आहे, मला ते पटत नाही, तिचे सीन नीट वाचले की तसं वाटूच शकत नाही. पहिल्यांदा ती येते तेव्हा समुद्रात जहाज बुडताना बघून तिचा जीव कासावीस झालाय, ज्यांना कधी पाहिलं नाही त्या माणसांसाठी, आणि ती बापाला म्हणते हे वादळ तुम्ही उठवलं असेल तर थांबवा. तीन वर्षांचीही नव्हती तेव्हापासून बेटावर वाढलेली, बाप आणि त्याचा गुलाम कॅलिबन सोडून माणूस पाहिला नाही, तरी पहिली भावना कणव. मग तिसऱ्या अंकाचा पहिला सीन. फर्डिनंड राजपुत्र शिक्षा म्हणून ओंडके वाहतोय, ती म्हणते तू बस, मी वाहते. तो विचारतो तुझं नाव काय, मला प्रार्थनेत घ्यायचंय. ती म्हणते मिरांडा, आणि लगेच म्हणते, अरेरे बाबा, तुमची आज्ञा मोडली मी. बापाने नाव सांगू नको म्हणून बजावलेलं होतं. व्हायोलाचं नाव भाऊ घेतो, पर्डिटाचं आई ठेवते, ही मात्र स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या मर्जीने, आपलं नाव आपण सांगते, आणि त्याच सीनमध्ये तू करशील तर मी तुझी बायको असंही तीच आधी म्हणते. मुलीला मोठेपणी दाखवायला याच्याहून चांगलं पान मला माहीत नाही.

आई कदाचित म्हणेल हे तर गोव्याचं आडनाव, मारिओ मिरांडांचं. बरोबर आहे, पण ते पोर्तुगीज आडनाव मिरांडा नावाच्या गावांवरून पडलेलं, नाटकाशी संबंध नाही. गोव्यात किंवा मुंबईत मुलीला कधीतरी हे नाव की आडनाव असं विचारतील एवढंच. दिल्लीचं मिरांडा हाऊस कॉलेज १९४८ चं, आणि त्याच वर्षी कायपरने युरेनसचा एक चंद्र शोधला त्याचंही नाव मिरांडा. तिकडे उच्चार मिरँडा होईल, इकडे मिरांडा, दोन्हीत ओळख पटते. आणि मुख्य म्हणजे त्याच्यात मीरा आहे. पाळण्यातलं नाव मीरा ठेवा, नोंदणीत मिरांडा, आपल्याकडे दोन नावांची रीत जुनीच आहे. आजी मीरा म्हणेल, शाळा मिरांडा म्हणेल, आणि दोन्ही हाका एकाच मुलीला लागतील.

निर्णयाची घाई करू नका, इंग्लंडमध्ये जन्म नोंदवायला ४२ दिवस असतात. बारसं बाराव्या दिवशी केलंत तर नवऱ्याच्या बहिणीला आत्याचा मान द्या आणि कानात कुर्र कसं करायचं ते आधी शिकवून ठेवा. तोपर्यंत तिसऱ्या अंकाचा तो सीन दोघांनी मोठ्याने वाचा, तू मिरांडा, तो फर्डिनंड. आईला मंगेश पाडगावकरांनी केलेला टेम्पेस्टचा अनुवाद, वादळ, मिळवून दे. आणि एक दिवस फोन स्पीकरवर ठेवून आईला म्हण की स्वयंपाकघरातून अंगणातल्या पोरीला जेवायला बोलावतेयस असं समज आणि मीरा, मिरांडा, ओवी, व्हायोला या चारही हाका मारून दाखव.